न नेलेले सात कपडे

बारावीला मला चांगले मार्क पडले, त्याचं श्रेय बाजारात तयार गणवेश आणणाऱ्यांना द्यायला हवं.

खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शिलाईचं दुकान. खाली दुकान, वर माळा, आणि माळ्यावर आम्ही तिघं. घरात टेबल एकच, ते दादांच्या मशीनचं. दादा म्हणजे माझे वडील. मी लहान होते तेव्हा त्या टेबलावर वही ठेवायला जागा नसायची. शाळांचे गणवेश, फॅक्टरीतल्या कामगारांच्या पँटी, बँडवाल्यांचे झगमगीत कोट, सगळं तिथेच शिवलं जायचं. मग शाळांनी तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली. कामगारांची पोरं जीन्स घालायला लागली आणि त्यांनी बापांनाही घालायला लावली. दोन मशीनपैकी एक विकलं गेलं. उरलेलं दुपारभर मोकळं राहायला लागलं, आणि त्या मोकळ्या टेबलावर मी अभ्यासाला बसले. दादांचं काम जितकं आटलं तितका माझा अभ्यास वाढला. बारावीला आमच्या गल्लीत माझ्याइतके मार्क कुणालाच नव्हते. म्हणजे धंदा किती बसला होता ते समजून घ्या.

कधी कधी दादा म्हणायचे, "जरा ऊठ." मी वही उचलायची. ते मशीनवर बसायचे आणि दोरा न ओवता, खाली कापड न घालता नुसतंच पायडल मारायचे. रस्त्यावर आवाज गेला पाहिजे. बंद मशीनकडे गिऱ्हाईक येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आई जिन्याच्या पायरीवर साडीला फॉल लावत बसलेली असायची. ती मान वर न करता म्हणायची, "फार जोरात नको. लोकांना वाटेल खूप काम आहे, उशीर लागेल."

आई चौथी शिकलेली, दादा सातवी. ज्यांच्या हाताखाली दादा सातवी झाले ते मास्तर निवृत्त होऊन नारायण पेठेत राहायला गेले होते, पण पँट शिवायला मात्र बस बदलून खडकीलाच यायचे. आम्ही सगळेच त्यांना सर म्हणायचो. ट्रायलला आरशासमोर उभे राहून ते म्हणायचे, "गणितात करायचास तेवढ्या चुका इथे करत नाहीस, हे नवल आहे." ही स्तुती असायची. दादा लाजायचे.

दादा कटिंगचे नमुने वर्तमानपत्रावर काढायचे. बारावीच्या सुट्टीत सरांच्याच पँटच्या नमुन्यावर, उजव्या पायाच्या गुडघ्याशी, मला एक जाहिरात दिसली. शहरातलं कलेचं कॉलेज, चार वर्षांची पदवी, 'विषयांच्या भिंती नसलेला अभ्यासक्रम', आणि ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही अशा मुलांसाठी शिष्यवृत्ती. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या. मी ती जाहिरात सरांना वाचून दाखवली.

"भिंती नाहीत," सर म्हणाले, "छप्पर तरी आहे का, विचार." मग फॉर्म मागवून तो त्यांनी स्वतःच भरला, कारण माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं.

मुलाखतीला चित्रं गुंडाळायला दुसरं काही नव्हतं म्हणून दादांनी एका हवालदाराच्या पँटचा नमुना दिला. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली आणि तो नमुनाच टेबलावर पसरला. बातम्यांवरून गेलेल्या खडूच्या रेघा, आणि कडेला दादांच्या अक्षरात 'पोट सुटलंय, दोन बोटं सोडणे'. मॅडम बघतच राहिल्या.

"हे तू केलंस?"

"नाही. ते वेष्टण आहे."

चित्रं त्यांनी पाहिली की नाही, मला अजून ठाऊक नाही. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. अट एकच, चार वर्षांत चार वर्षं. एकदा घसरलं तर पाचव्या वर्षाला शिष्यवृत्ती नाही. म्हणजे मी परत मशीनच्या टेबलाशी, आणि या वेळी वहीशिवाय.

पहिल्याच दिवशी विषय निवडायचा फॉर्म मिळाला. मी चित्रकला शिकायला गेले होते. चित्रकला तिसऱ्या पानावर होती. तिच्याआधी माती, आवाज, बांबू, नकाशे, पुस्तकबांधणी, स्वयंपाकघर, चालणं. यातलं हवं ते घ्या, पुढच्या सत्रात बदला, दोन जोडून तिसरं करा. मुख्य विषय असा नाहीच.

"चालणं?" दादांनी विचारलं.

"हो. शहरातून चालायचं आणि बघायचं."

"आणि नापास कोण होतं? बसलेले?"

सर म्हणाले, "म्हणजे खानावळीत जाऊन 'काय असेल ते थोडं थोडं वाढा' म्हणायचं. घे. पण एक तरी पोटभरीचं घे."

मी माती, पुस्तकबांधणी आणि चालणं घेतलं. चालण्याचं पहिलंच काम असं: आपल्या घरापासून एका नातेवाइकाच्या घरापर्यंत पायी जायचं आणि वाटेत पायाखाली काय काय आलं ते लिहायचं. जवळ कुणी नव्हतं. माझी मावशी हिंजवडीला. तिची शेती होती तिथे आता काचेची इमारत आहे, आणि गोठा होता तिथे कंपनीतली मुलं भाड्याने राहतात. मी सकाळी निघाले. वाकडच्या पुलावर मावशीच्या नवऱ्याने स्कूटर थांबवली.

"गाडी बंद पडली का?"

"गाडी नाहीच, काका. चालतेय."

"बस मागं."

"नाही बसता येणार. अभ्यास आहे."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, स्कूटर वळवली आणि माझ्या आधी घरी पोचले. मी पोचले तेव्हा मावशी दारातच उभी, आणि तिच्यामागे भाडेकरूही.

"खरं सांग," मावशी म्हणाली, "घरी काय झालंय? दाजींनी हात उचलला व्हय?"

"नाही गं. कॉलेजचा अभ्यास आहे. चालत यायचा."

"चालत यायचा अभ्यास? आमी शाळंला रोज चालतच जात हुतो. आमाला न्हाई कुनी डिग्री दिली."

हे वाक्य मी वहीच्या शेवटी लिहिलं. मुलाखत घेतलेल्या मॅडमच आम्हाला शिकवायच्या; त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वरची श्रेणी दिली. मावशीला कळवलं तर ती म्हणाली, मग निम्मी मला पाठव.

माती झाली, चालणं झालं. खरं संकट आलं ते सफाईचं. शिंप्याच्या घरात सफाई याहून मोठा शब्द नाही. हाताला सफाई आहे म्हणजे माणूस चांगला आहे, इथपर्यंत. कॉलेजात मी कापडाचं पुस्तक शिवून नेलं. मॅडमनी उलटसुलट करून पाहिलं.

"फार स्वच्छ आहे."

"थँक्यू."

"ही तक्रार आहे. तुझा हात कुठे दिसतच नाही यात. थोडं चुकू दे की."

मी घरी येऊन दुसरं पुस्तक डाव्या हाताने शिवलं. ते मशीनवर ठेवून हात धुवायला गेले. परत आले तर दादांच्या हातात.

"ही टीप कुणी मारली?"

"मी."

"बसमध्ये उभं राहून मारलीस का?"

मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी ब्लेडने टीप उसवली होती आणि नवी, सरळसोट, मारूनही झाली होती. ते पुस्तक मी तसंच नेलं. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा?" मी म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात चूक टिकत नाही." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षाला एकच मोठं काम आणि ते बघायला बाहेरचे तीन परीक्षक. त्यांनी नको म्हटलं की पदवी नाही.

आमच्या दुकानात वरच्या दांडीवर न नेलेले कपडे असतात. शिवून, बटणं लावून, इस्त्री होऊन तयार, पण गिऱ्हाईक आलंच नाही. दुसरे शिंपी असे कपडे विकून टाकतात नाहीतर कापून पिशव्या करतात. दादा रविवारी त्यांच्यावरची धूळ झटकतात आणि परत टांगतात. मी त्यातले सात मागितले.

"कॉलेजला? बघायला?"

"हो."

"ने. पण परत आण. माणूस येऊ शकतो."

"दादा, हा सफारी माझ्या जन्माच्या आधीचा आहे."

"म्हणून काय झालं?"

बघायला नेते म्हणाले, उसवायला नेते म्हणाले नाही. कारण माझ्या डोक्यात होतं ते असं: सातही कपडे शिवणीशिवणीने उघडायचे, कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम, अस्तर, खडूच्या खुणा, चुकून पुन्हा मारलेल्या टिपा, सगळं लोकांना दिसेल असं सोडायचं, आणि गळून पडू नये म्हणून फक्त पांढऱ्या कच्च्या धाग्याने टाचायचं. चार महिने लागले. मॅडम पहिल्यांदाच खूश झाल्या. "अपुरं वाटतंय," त्या म्हणाल्या, आणि मी त्या दिवशी बटाटेवडा खाल्ला.

परीक्षेच्या दोन दिवस आधी कॉलेजच्या हॉलला रंग द्यायचा निघाला आणि सगळ्यांना आपापलं काम घरी न्यायला सांगितलं. मी सात कपड्यांचं गाठोडं घेऊन मेट्रोला गेले. तपासणीच्या माणसाने गाठोडं उघडायला लावलं. बाही एकीकडे, कॉलर दुसरीकडे, सगळीकडे पांढरे धागे. तो सहानुभूतीने म्हणाला, "ताई, टेलर बदला."

घरी येऊन मी ते दांडीवर टांगले, वर चादर टाकली. सकाळी भिंतीत खिळे ठोकायला कॉलेजला जायचं होतं. निघताना आईला म्हणाले, "त्याला हात लावू नका. उद्या द्यायचेत."

ही माझी चूक. 'हात लावू नका' कुणी ऐकलंच नाही. शिंप्याच्या घरात 'उद्या द्यायचेत' म्हटल्यावर पुढचं काय ते सगळ्यांना माहीत असतं.

संध्याकाळी पाचला परत आले. गल्लीच्या तोंडालाच मशीनचा आवाज ऐकू आला. दुकानात इस्त्रीचा ओलसर गरम वास. सर स्टुलावर बसले होते, मांडीवर बँडवाल्याचा लाल कोट.

"माझ्या पँटची ट्रायल आज नाही, असं कळलं," ते म्हणाले. "मला तीन बटणं लावायला दिली. त्यातली दोन परत लावून घेतली."

दांडीवर सातही कपडे. शिवलेले. अस्तर बंद, कॉलर बसलेली, काज-बटणं जागच्या जागी, एकही पांढरा धागा नाही, आणि प्रत्येकाला टाचणीने नवी चिठ्ठी. दादा मशीनवरून उठले, कंबर धरून.

"अगं, अडलं होतं तर सांगायचं! सात नग उसवून ठेवलेस आणि उद्या द्यायचे म्हणतेस. चार महिने काय करत होतीस?"

मी जिन्यावर बसले. माझं चार महिन्यांचं काम एका दिवसात नाहीसं झालं होतं आणि कुठे होतं त्याची खूणही उरली नव्हती. अशी सफाई आमच्या दादांचीच.

"आवडलं नाही?"

"छान झालंय," मी म्हणाले. खोटं नव्हतं. तोच तर वांधा होता.

आई म्हणाली, "सकाळपासून मशीन थांबलं नाही. गल्लीतले तिघं येऊन विचारून गेले, कसलं एवढं काम आलंय म्हणून." मशीनच्या चाकाला तेल घालताना दादा गुणगुणत होते. कैक वर्षांनी त्या मशीनमध्ये दिवसभर दोरा होता.

दुसऱ्या दिवशी सात कपडे सात खिळ्यांवर टांगले. मॅडम आल्या. थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हे काय?"

"घरात चूक टिकत नाही, मॅडम."

"उद्या दाखवशील?"

"उद्या परीक्षक नाहीत."

परीक्षक तिघे होते, दोन बायका आणि एक दाढीवाले गृहस्थ. मी सजवून सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच आलं. "मी हे कपडे उसवले होते. आत काय असतं ते दाखवायचं होतं. काल माझ्या वडिलांनी ते शिवून टाकले, कारण त्यांना वाटलं माझं काम अर्धवट राहिलंय. मला त्यांना सांगता आलं नाही."

दाढीवाल्यांनी विचारलं, "मग तुमचं काम कुठे आहे?"

"आत आहे," मी म्हणाले, आणि पिशवीतून ब्लेड काढून सफारीची कॉलर उसवायला घेतली. आता लाजून उपयोग नव्हता.

घरच्यांना दुपारी बोलावलं होतं. पण दादा कुठेही वेळेआधीच जातात. गिऱ्हाइकाला थांबवायचं नाही. त्यामुळे कॉलर निम्मी उघडली तेव्हा दारात दादा, आई आणि सर उभे होते. दादांना दिसलं ते एवढं: समोर तीन गंभीर माणसं, आणि मुलगी त्यांच्यादेखत काल शिवलेली कॉलर उसवतेय. याचा अर्थ त्यांच्या धंद्यात एकच होतो. ते खिशातली टेप गळ्यात घालत पुढे आले.

"काय झालं साहेब? कॉलर बसत नाही का? लगेच करून देतो. जरा मान सरळ."

दाढीवाल्यांनी मान सरळ केली. शपथेवर सांगते, केली. दादांनी गळ्याचं माप घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला.

"साहेब, हा तुमच्या मापाचाच नाही! तुम्ही कसा घातला? हा त्या क्लार्कचा."

"कुठल्या क्लार्कचा?" एका परीक्षक बाईंनी विचारलं.

मग दादा सांगायला लागले. फॅक्टरीतला क्लार्क, निरोप समारंभासाठी सफारी शिवायला टाकला. तेवढ्यात त्याची नोकरी वर्षभर वाढली. समारंभ झाला तोवर माणूस चार बोटं रुंद झाला होता. लाजेने आलाच नाही, रस्ता बदलून जायचा. लाल कोट क्लॅरनेट वाजवणाऱ्याचा. त्याच्याच लग्नात सासऱ्याने दुसरा बँड बोलावला, म्हणून त्याने वाजवणंच सोडलं. दाढीवाल्यांना दादांचं भराभर मराठी पुरतं कळत नव्हतं. दादा सांगायचे, मी हिंदीत सांगायची, आणि सांगता सांगता शिवण उघडायची. दादांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, उसवू नको असं काही म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले, "आडवी धर ब्लेड. कापड ओढलं जातंय."

निळ्या शाळेच्या कोटाशी ते थांबले. "ही पोरगी वाढत्या अंगाची होती. बाहीत आत बघा, जास्त कापड सोडलंय. दोन वर्षं तरी पुरला असता. तिच्या वडिलांची बदली झाली, मधल्या सुट्टीतच नेलं तिला." मग माझ्याकडे वळून, "उसवलास तेव्हा दिसलं नाही का तुला?"

दिसलं होतं. मी ते कापड पट्टीने मोजून कोटाशेजारी लावायच्या कार्डावर 'अतिरिक्त कापड' असं लिहिलंही होतं. कुणासाठी अतिरिक्त, हे विचारलं नव्हतं. विचारायचं असतं तर माणूस माळ्याखालीच बसलेला होता.

शेवटी दाढीवाल्यांनी विचारलं, "यात तुमचं काय आणि वडिलांचं काय?"

"उसवलेलं माझं," मी म्हणाले. "शिवलेलं त्यांचं. कपडे दोघांचेही नाहीत."

त्यांनी लिहून घेतलं. तिघं बाहेर गेले. आई तेवढ्यात जवळ येऊन म्हणाली, "गिऱ्हाईक चांगलं होतं. कटकट केली नाही."

कॉरिडॉरमध्ये सरांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "तोंडी परीक्षा बापाने दिली, पदवी लेकीला. बरं आहे. सातवीत याच तोंडातून पाढा निघत नव्हता."

परत येताना गाठोडं दादांनीच घेतलं. "परत शिवायला लागतील," ते म्हणाले. शिवले. सफारी अजून दांडीवर आहे.

परीक्षकांच्या कागदावर शेरा एका ओळीचा होता: कामाची सफाई उत्तम. मॅडमनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. मी प्रथम श्रेणीत पास झाले, चार वर्षांत, एकही वर्ष वाया न घालवता. आता मी एका वस्तुसंग्रहालयात जुन्या कपड्यांची निगा राखते, आणि प्रत्येक कपड्याच्या नोंदीत तो कुणाचा होता हे आधी लिहिते. आमच्या घरात कॉलेजची पदवी मिळवलेली मी पहिली.